गाव पाहून राह्यलो

दर रविवारी दुपार कलली की आमच्या घरमालकांच्या दाराची कडी वाजायची, आणि समोरच्या ओट्यावर बसलेला कोणीतरी हटकून विचारायचा, "मास्तर, कुठं चाल्ले जोडीनं?"

"गाव पाहून राह्यलो," मास्तर म्हणायचे.

"अजून पाहूनच राह्यले? जलम गेला की तुमचा इथं."

"म्हणूनच तं. लय पाहाचं राह्यलं."

एवढं बोलून ते चालू पडायचे. धोतर, कोट, काळी टोपी, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. आणि त्यांच्या शेजारी, मागे नाही बरं का, शेजारी, काकू. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, हात मोकळे.

मी तेव्हा नवी नवरी. साखरखेर्ड्याची मुलगी. महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षंच झाली होती. आमचे हे कापसाच्या बाजारात कारकून. नोकरीपायी मोताळ्याच्या बाजूला या तालुक्याच्या गावी आले, आणि मास्तरांच्या पुढच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. माझी सून पुण्याची. हे ऐकून ती म्हणते, "आई, त्यात काय एवढं? नवरा-बायको फिरायला जातातच." तिला काय सांगू बाप्पा. आमच्याकडे तेव्हा नवरा दहा पावलं पुढं आणि बायको मागं, मधे एखादी म्हैस आरामात मावेल एवढी जागा. देवळात जा नाहीतर लग्नाला जा, म्हशीची जागा ठरलेली. मागच्या बाईला ठेच लागली तर पुढच्याला ते घरी गेल्यावर कळायचं. आणि ही दोघं भर रस्त्यानं, बरोबरीनं, गप्पा हाणत. मी खिडकीतून पाहायचे आणि, खोटं कशाला बोलू, जळायचे.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. भूगोलाचा मास्तर रजेवर गेला की भूगोलही त्यांच्याच गळ्यात. माणूस तिरसट. कोटाच्या बटणाला दोऱ्यानं बांधलेलं खोडरबर लोंबत असायचं. शाळेत जायचे एका रस्त्यानं, यायचे दुसऱ्या. मी एकदा विचारलं, "मास्तर, काऊन हो?" तर म्हणाले, "जातानी घरायचं तोंड दिसते, येतानी पाठ." मला ओ की ठो कळलं नाही. पुढं कळलं. एकाच रस्त्यानं रोज जाणाऱ्याला एकच बाजू दिसते, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या फिरण्याला कायदे होते. हो, ते कायदेच म्हणायचे. एका रविवारी एकच मोहल्ला. रस्ता कोणाला विचारायचा नाही. फाटा आला की कुणीकडे वळायचं ते काकू ठरवणार, मास्तरांनी तोंड उघडायचं नाही. वर्गात छडी घेऊन पोट्ट्यांना थरथर कापवणारा हा माणूस फाट्यावर मुकाट उभा राहायचा. काकू पायाच्या अंगठ्यानं जराशी माती उकरायच्या, इकडेतिकडे पाहायच्या, आणि मग हनुवटी उचलायच्या. जिकडे हनुवटी तिकडे वाट. पुढं भिंत आडवी आली तर मागे फिरायचं, पण "मी म्हन्लंच होतं" असं म्हणायची बंदी.

आणि शेवटचा कायदा असा, की ज्या गल्लीचं पाणी नाही पेलं, ती गल्ली पाह्यली असं म्हणायचं नाही.

या शेवटच्या कायद्यानं मास्तरांचं अर्धं गोत तुटलं. कोष्ट्यांची गल्ली असो, मोमीनपुरा असो, बौद्धवाडा असो, एका घरी तरी पाणी मागायचंच. काकू आधी आधी वरून प्यायच्या, ओठ न लावता. मग एका घरची म्हातारी त्यांना म्हणाली, "बाई, गिलासाले तोंड लावा. गिलास काई चावत नाही." काकू लाजल्या आणि त्या दिवसापासून तोंड लावून प्यायला लागल्या. ते ऐकून मास्तरांच्या चुलतभावांनी त्यांच्या घरी जेवणं सोडलं. मास्तर म्हणाले, "बरं झालं. तुह्या पोळ्या वाचल्या."

हे सगळं कशावरून सुरू झालं ते काकूंनीच मला सांगितलं, एकदा आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो तेव्हा.

"लगन होऊन आली तवापासून घर, विहीर आन् मारोतीचं देऊळ," त्या म्हणाल्या. "वीस वर्सं असंच. एक दिस ह्यायले ताप भरला. औषध आनाले मीच गेली. येतानी तिसऱ्याच गल्लीत चुकली. रस्ता कोनाले इचारू? इचारलं तं ते इचारतीन, कोनाच्या घरचे तुमी? आन् नवऱ्याचं नाव कसं घेऊ मी रस्त्यात? मंग एका शिंप्याच्या पायरीवर बसली आन् रडत राह्यली. त्यानंच कसंतरी वयखलं आन् घरी आनून सोडलं."

"मग मास्तर रागावले?"

"मले वाटलं रागावतीन. ताप उतरला तसे उठून बसले आन् म्हन्ले, पोट्ट्यायले मी हिंदुस्थानच्या नद्या शिकवतो, आन् माह्या घरचं मानूस तीन गल्ल्यांत हारपते. चूक माही हाये. रविवारी चाल माह्यासंगं." काकू तूर पाखडत हसल्या. "रस्ता इचाराचा नाही हा कायदा माहा हाये. त्या दिशी इचारता नाही आलं ना, तं आता इचाराचंच नाही म्हन्लं."

त्यांची एकुलती लेक दुसरबीडला दिली होती. ही बातमी तिच्या सासरी पोचली. एक दिवस व्याही फेटा बांधून दारात हजर. "मास्तर, लोक आमाले हासतात. इवाई आन् इहीन गल्लोगल्ली पानी मांगत हिंडतात म्हन्तात." मास्तर म्हणाले, "बसा, चहा घ्या, आन् मंग तुमी बी चला." व्याही गेले. एका वळणावर मागे राहिले आणि चुकले. संध्याकाळी परत आले ते कुंभारवाड्यातून, दोन्ही हातांत एकेक माठ घेऊन. ज्यानं रस्ता दाखवला त्यानं आधी चहा पाजला आणि मग माठही गळ्यात मारले. त्यानंतर दुसरबीडहून तक्रार आली नाही. माठ चांगले निघाले म्हणून मात्र निरोप आला.

फिरून आले की मास्तर शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ती गल्ली काढायचे. काकूंना अक्षर येत नव्हतं. पण पाहिलेली गल्ली त्यांच्या डोक्यात जशीच्या तशी बसायची. "लिंबाचं झाड डाव्या हाताले नोतं, उजव्या हाताले होतं. आन् त्याच्याखाली जातं पडेल होतं, ते नाही काढलं तुमी." असं त्या म्हणाल्या की मास्तरांचं खोडरबर चाललं. कागद पुरा झाला, काकूंनी मान हलवली, की खळ लावून भिंतीवर. त्यांच्या मधल्या खोलीत देवाची तसबीर एक आणि गल्ल्या भिंतभर.

प्रत्येक मोहल्ला दोनदा पाहायचा, हाही कायदाच. एकदा कापसाच्या दिवसांत आणि एकदा कापूस गेल्यावर. आमच्याकडे कापूस आला की गावाचं तोंड बदलतं. गाड्यांच्या रांगा, रस्त्यावर सरकी, आणि जीन म्हणजे सरकी काढायचा कारखाना, त्याच्या आवारात घराएवढ्या कापसाच्या गंज्या.

तर एका चैत्रात ही दोघं त्या जिनाकडे गेली. हिवाळ्यात जिथं गंजी होती आणि मास्तरांनी कागदावर "मोकळं मैदान" लिहिलं होतं, तिथं गंजी उठल्यावर तिच्यामागे एक गल्ली निघाली. चांगली बावीस घरं. जिनात काम करणारी, थोडी भाजी लावणारी माणसं. हिवाळाभर ती माणसं गंजीच्या मागे राहायची आणि मागच्या नाल्याकडून गावात यायची. गल्लीला नाव नव्हतं, म्हणून काकूंनीच ठेवलं, गंजीमागची गल्ली.

तिथं कौसाबाई नावाच्या बाईच्या दारात त्यांनी पाणी मागितलं. कौसाबाईनं दोन गिलास आणले. दोन्ही अर्धे.

"अर्धाच देऊन राह्यली मी," ती खाली पाहून म्हणाली. "राग नका मानू माय. विहीर नाल्याच्या पल्याड हाये. तिसरी खेप अजून व्हायची हाये."

दुसऱ्या दिवशी, वार सोमवार, कायद्याबाहेर, काकू एकट्या गेल्या आणि कौसाबाईसोबत एक खेप घालून आल्या. रात्री मान अवघडली म्हणून मी त्यांना तेल लावून दिलं. मास्तरांनी त्या गल्लीचा कागद काढला, झाडं, दारं, सगळं बरोबर. खळ घेऊन भिंतीकडे वळले तर काकू म्हणाल्या, "लावू नका."

"काऊन? चुकलं का काई?"

"अर्धाच गिलास पेलो. अर्धीच पाह्यली."

कागद ट्रंकेत गेला. एवढ्या गल्ल्यांत तो एकटाच.

पुढच्या हिवाळ्यात गावात नळ येणार अशी दवंडी फिरली. कोणत्या गल्लीत नळ बसणार त्याची यादी नगरपालिकेच्या दाराशी लागली. मास्तर रविवारी काकूंना घेऊन ती वाचायला गेले. मोठ्यानं वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. काकूंनी विचारलं, "आन् गंजीमागची?" मास्तरांनी पुन्हा वाचली. नव्हती.

सोमवारी शाळा सुटल्यावर दोघं ओव्हरसियरकडे, म्हणजे नळाचं काम पाहणाऱ्या साहेबाकडे गेली. ओव्हरसियर बाहेरचा, बदलून आलेला, गोल गरगरीत, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं नकाशा पसरला. "हे पाहा मास्तर, इथं मैदान आहे. माझ्या माणसांनी गेल्या पौषात स्वतः मोजलंय. अशी गल्लीच नाही."

"गल्ली नाही तं कौसाबाई कुठं राह्यते, कापसात?" मास्तर भडकले.

"यादी येत्या सोमवारी वर जाणार. एकदा पाइप गाडले की पुन्हा खोदाईला कोण परवानगी देतो? तुमच्या म्हणण्यावर मी नकाशा बदलू शकत नाही."

मास्तर घरी आले ते ट्रंक उघडायलाच. कागद काढला, घडी सरळ केली. म्हणाले, "हा तोंडावर फेकतो त्याच्या."

"ठेवा तो," काकू म्हणाल्या. "कागदाले कागद दाखवून काय होते? त्यायले पायानं आना."

मला विचाराल तर गावातल्या मोठ्या माणसांना ती गल्ली खरंच माहीत नव्हती. ज्याला माहीत होतं तो नगरपालिकेत नव्हता, आणि जो नगरपालिकेत होता तो त्या बाजूला कधी गेला नव्हता. मास्तर रोज शाळेच्या आधी आणि शाळेनंतर नगरपालिकेत जाऊन बसायला लागले. बोलायचे नाहीत, नुसते बसायचे. मोठ्या माणसांना ते बसणं सोसवेना. शेवटी नगरपालिकेचे अध्यक्ष वैतागून म्हणाले, शनिवारी दुपारी येतो एकदाचे, दाखवा तुमची गल्ली.

शनिवारी गर्दी झाली. गावाला करमणूकच हवी होती. आमचे हे निघाले तसं मी म्हटलं, "मी येऊ का?" हे घुटमळले, मग म्हणाले, "चाल." आणि सवयीनं दहा पावलं पुढं.

सगळ्यात पुढं काकू. त्यांच्या शेजारी मास्तर. मागे अध्यक्ष, नकाशाची सुरळी घेतलेला ओव्हरसियर आणि अर्धं गाव. जिनाच्या आवारात आलो तर समोर गंजी. ह्या साली कापूस उदंड, गंजी केवढी म्हणून सांगू, पांढरी भिंतच. तिच्या डाव्या अंगानं यंदा एक फट राहिली आहे, तिथून गल्लीत शिरता येतं, असं काकूंनी मला सांगून ठेवलं होतं. काकू डावीकडे गेल्या. फट बुजली होती. गंजी पार कुंपणाच्या भिंतीला भिडली होती.

ओव्हरसियरनं सुरळी उघडली. "झालं समाधान, बाई?"

मागे लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "गाव पाहून झालं वाट्टे मास्तरचं." जिनाचा चौकीदार पुढं झाला, "बाई, मी सांगू का रस्ता?" काकूंनी हातानंच त्याला थांबवलं. आणि मास्तर? ते कायद्याप्रमाणे गप्प उभे होते. चेहरा लाल झाला होता, खोडरबर मुठीत आवळलं होतं, पण त्या माणसानं तोंड उघडलं नाही. मला तेव्हा त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढं कधी वाटला नाही.

काकूंनी अंगठ्यानं माती उकरली. आणि हनुवटी उचलली, उजवीकडे. गल्लीच्या अगदी उलट.

जिनाच्या मागून, नाल्याच्या काठानं, उतारावरून त्या आम्हाला घेऊन निघाल्या. चालतोय, चालतोय. ओव्हरसियरला धाप लागली. नाल्यापलीकडे एक विहीर आली. काकू तिथं थांबल्या आणि म्हणाल्या, "साहेब, कौसाबाई पानी इथून नेते. आता तिच्याच वाटेनं चला." मग परत नाला, दगडांवरून. चढाच्या अर्ध्यावर एक सपाट धोंडा. "इथं घागर टेकवतात." त्याच्या पुढं दुसरा. "आन् इथं, दिवस भरलेली बाई असली तं." अध्यक्षांनी फेटा काढून कपाळ पुसलं. आता कोणी हसत नव्हतं.

शेवटी एका परसातून आत शिरलो, तर समोर कौसाबाई भाकरी थापत बसलेली, आणि तिच्या दारापुढं गल्ली. बावीस घरं, जागच्या जागी. दुसऱ्या टोकाला गंजीची पाठ. बाया, माणसं दारांत येऊन उभी राहिली.

काकू म्हणाल्या, "कौसाबाई, साहेबाले पानी दे. पानी पेल्याशिवाय गल्ली पाह्यली असं होत नाही."

पुढं असलेल्या पाच माणसांना पाच गिलास आले. अर्धे अर्धे. ओव्हरसियरनं गिलासात पाहिलं. आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत होतो. तो प्यायला, शेवटच्या थेंबापर्यंत. मग कौसाबाईच्या ओट्यावर मांडी घालून बसला, नकाशा पसरला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं रबर द्या."

मास्तरांनी बटणाचा दोरा तोडून रबर त्याच्या हातात ठेवलं. आठवडाभर शिव्या जमवून ठेवलेला तो माणूस हलकेच म्हणाला, "साहेब, मी बी हेच चुकलो होतो. माह्या कागदावर बी इथं मैदानच होतं."

ओव्हरसियरनं मैदान खोडलं आणि काकूंना विचारून विचारून गल्ली काढली. नळ कुठं हवा तेही काकूंनाच विचारलं. काकूंनी हनुवटी उचलली, कौसाबाईच्या दारासमोर.

परतताना आमचे हे पुन्हा पुढं. मधल्या फाट्यावर मात्र थांबले. मी गाठेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "कुणीकडे जाचं?" आमचं घर उजवीकडे होतं. मी हनुवटी उचलली, डावीकडे. हे डावीकडे वळले आणि माझ्या बरोबरीनं चालू लागले. त्या संध्याकाळी घरी पोचायला आम्हाला दीड तास लागला, आणि म्हैस काही पुन्हा मधे आली नाही.

नळ आला तो वैशाखात. गंजी उठली होती, गल्लीचं तोंड मोकळं होतं, आणि बायांनी ते सारवून रांगोळ्या काढल्या होत्या. तोटी फिरवायचा मान अध्यक्षांचा. ते पुढं झाले, तशी कौसाबाई मधे उभी राहिली. "अध्यक्षसायेब, तुमी हार घाला. पानी जोडीनं सुटन." अध्यक्ष हसले आणि बाजूला झाले. पूजेला बसवतात तसं बायांनी मास्तरांना आणि काकूंना नळापुढं उभं केलं. दोघांनी एकदमच तोटीवर हात ठेवला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग लाल पाणी आलं, आणि मग स्वच्छ धार. बाया अशा ओरडल्या की जिनातले लोक काम सोडून धावत आले. मी रडत होते. काकू रडत नव्हत्या.

कौसाबाईनं राखेनं घासलेला पितळी गिलास धारेखाली धरला. भरला, वरून सांडला, तरी तिनं हात काढला नाही. काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला, तोंड लावलं आणि एका दमात रिकामा केला. मग मास्तरांचा गिलास. त्यांनी मिशा पुसल्या, आणि काहीतरी मोठं बोलणार म्हणून घसा खाकरला. पण फाट्यावर बोलायचा मान त्यांचा नव्हताच.

"आता पाह्यली," काकू म्हणाल्या.

घरी आल्या आल्या मास्तरांनी ट्रंक उघडली. कागदावर कौसाबाईच्या दारासमोर नळ काढला, काकूंनी पाहून मान हलवली, आणि गंजीमागची गल्ली भिंतीवर लागली. खळ मी शिजवली होती.